पोटावरच्या फुल्या

ड्राय-क्लीनिंगच्या दुकानात पुढे काउंटर असतो, त्यावर घंटी आणि घंटीमागे हसतमुख माणूस. मागे एक खोली असते, ती गिऱ्हाइकाला दिसत नाही. मास्तरांची चौतीस वर्षं त्या मागच्या खोलीत गेली.

त्यांना सगळे डागमास्तर म्हणत. धुणं, वाळवणं, इस्त्री ही कामं इतरांची. कपडा यंत्रात जाण्याआधी त्यावरचा एकेक डाग ओळखायचा आणि काढायचा, एवढंच त्यांचं काम. खिडकीशी एक अरुंद फळी, वर दिवा, शेजारी अकरा बाटल्या आणि हाडाची एक चपटी काडी. कपडा फळीवर पसरायचा, डागाखाली पांढरा टॉवेल सरकवायचा आणि मग खाली वाकून वास घ्यायचा. रक्त आणि गंज डोळ्याला फसवतात, नाकाला नाही. नवऱ्यामुलाच्या कोटावरची ओकारी, म्हाताऱ्याच्या पँटीतलं मूत, हॉटेलच्या चादरींवरचं जे काय असेल ते, सगळं आधी त्यांच्या नाकाखालून जायचं.

रोज घाणीत हात घालणाऱ्याला घाणीचं काही वाटेनासं होतं, असं लोक म्हणतात. मास्तरांचं तसं झालं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी जसं नाक मुरडलं होतं तसंच ते चौतिसाव्या वर्षीही मुरडत. "ज्या दिवशी मला किळस येणार नाही," ते म्हणत, "त्या दिवशी कुणाच्या तरी कॉलरवर डाग राहील." माणसांविषयीही त्यांचं मत फारसं वेगळं नव्हतं. वरून रेशीम, आतून अस्तर बघा, असं ते म्हणत आणि अस्तर त्यांनी बघितलेलं असे.

घरी बशीच्या कडेला चहाचा ओघळ दिसला तरी ते बशी परत ढकलत. "मी नवऱ्याबरोबर नाही, तपासनिसाबरोबर संसार केला," असं त्यांची बायको शेजारणीला सांगायची आणि सांगताना बशी पुसत असायची.

धंद्यात त्यांचा एकच नियम होता. डाग परत आला तर डागावर चिडायचं नाही, मूळ शोधायचं. एका गिऱ्हाइकाचा पांढरा कोट तीनदा धुऊन गेला आणि तीनदा छातीशी निळा होऊन परत आला. चौथ्या वेळी मास्तरांनी अस्तर उसवलं तेव्हा आत घसरून पडलेलं एक गळकं पेन सापडलं. तेव्हापासून ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगत: आधी मूळ काढ, मग डागाला हात लाव.

एकोणसाठाव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या आतल्या कपड्यावर लघवीचा एक रंग दिसला. गडद, काळ्या चहासारखा. असा रंग त्यांनी दुसऱ्यांच्या कपड्यांवर पाहिला होता आणि ती गिऱ्हाइकं पुढे फार दिवस आली नव्हती, हेही त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी कुणाला काही न सांगता तो डाग काढला, कपडा वाळत घातला आणि मगच डॉक्टरकडे गेले.

लिव्हरमध्ये गाठ होती. मोठी होती. कापून काढण्याची वेळ टळून गेली होती आणि गोळ्यांनी चार महिन्यांत काही केलं नाही. उजव्या बरगड्यांखाली दुखायला लागलं. आत कुणीतरी खुंटीला ओला, जड ओव्हरकोट टांगून ठेवलाय आणि तो सारखा पाणी पितोय, असं ते दुखणं होतं. तिथून ते उजव्या खांद्यात चढे. खोल श्वास घेता येईना, त्या कुशीवर वळता येईना, शिंक आली तर डोळ्यांपुढे अंधारी.

दुखण्यावर एक पातळ औषध दिलं होतं, गोड आणि चिकट. ते घेतलं की दुखणं थोडं लांब जायचं आणि त्याच्याबरोबर मास्तरही. दिवसभर तोंड उघडं टाकून पडायचे. जागे झाले की ओकारी. पोट पाच-पाच दिवस साफ नाही आणि साफ झालं की ते वेळेवर कळायचं नाही. बायको काखेत हात घालून त्यांना बाथरूममध्ये न्यायची आणि दार उघडं ठेवून तिथेच उभी राहायची, कारण एकदा ते आत पडले होते.

"तिकडे बघ," ते म्हणायचे.

"भिंतीकडेच बघतेय की."

"मग नाक कशाला दाबलंस?"

"अहो, तुम्ही जन्मभर सगळ्या गावासमोर दाबलंत, मी एकदा दाबलं तर बिघडलं?"

त्यावर त्यांना हसू आलं नाही. मुलीला मात्र त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं. मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची, लग्न झालेलं नव्हतं, घरातलं धावपळीचं सगळं तिच्याकडे होतं. "मरायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण असं नाही. घाणीत लोळत नाही. हे दुखणं तेवढं जरा खाली बसव कुणाकडून तरी, म्हणजे ते चिकट औषध सुटेल. बाकी काही मागत नाही."

भेटायला येणारे येतच होते. त्यांच्या बुटांना चिखल, तोंडाला वास आणि प्रत्येकाकडे एक चुलतभाऊ, जो यातून खडखडीत बरा झालेला. मास्तरांचा मेहुणा दर दोन दिवसांनी एक बाटली आणायचा. कसल्या तरी पानांचा हिरवा रस, वर फेस, फेसात बुडबुडे. तो ग्लासात ओतला की तळाशी शेवाळासारखं काहीतरी डुलायचं.

"भाऊजी, नाक धरून एका दमात. लिव्हर धुऊन निघतं."

"धुऊन?" मास्तर म्हणाले. "धुण्यातलं तू मला शिकवतोस?" त्यांनी ग्लास दिव्याकडे धरला. "हे कापडावर सांडलं तर कापड फेकावं लागेल. आणि मी पोटात घालू?"

"तुमचा स्वभावच आडवा येतो तुमच्या."

"स्वभाव नाही, नाक."

मुलीने शेवटी एक जागा शोधून काढली. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात रेडिएशनचा विभाग होता, ज्याला सगळे 'शेक' म्हणत. तिथल्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक, बोलताना पेन हातात फिरवणाऱ्या. सोबत मेहुणाही आला होता. नको म्हटलं तरी आला होता.

"काका, सरळ सांगते," त्या म्हणाल्या. "याने रोग जाणार नाही. गाठीमुळे लिव्हरवरचं आवरण ताणलं गेलंय, त्याचं ते दुखणं आहे. आम्ही लिव्हरला एकदाच शेक देतो. एकच. जास्त जोराचा नाही. दहातल्या सहा-सात जणांचं दुखणं महिन्याभरात बरंच कमी होतं. काहींचं होत नाही. पहिले दोन दिवस उलट्या होतील, दुखणं वाढेलही. त्यासाठी आधी गोळ्या देतो."

मेहुण्याने उचलली जीभ लावली टाळ्याला. "म्हणजे बरं होणार नाही? मग कशाला? घर पडायला आलंय आणि तुम्ही रंग काढताय?"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "घर नाही हो, माणूस आहे. त्यांना दुखतंय."

"एकदाच ना?" मास्तरांनी विचारलं. "मग करा."

सोमवारी मापं घ्यायला बोलावलं. एका अरुंद, कडक फळीवर उताणं झोपायचं, दोन्ही हात डोक्यावर आणि हलायचं नाही. वीस मिनिटं. हात वर गेले आणि आतल्या ओव्हरकोटाची बाही कुणीतरी फाडून काढावी तशी कळ उजवीकडून निघाली. हात ठेवायच्या आधारावर आधीच्या पेशंटच्या घामाचं एक अर्धवर्तुळ होतं. त्यावर कागद अंथरलेला होता, पण अर्धवर्तुळ कागदाबाहेर उरलं होतं आणि ते त्यांच्या डोळ्यांपासून चार बोटांवर होतं. वीस मिनिटं ते त्याच्याकडेच बघत राहिले. मोजणी झाल्यावर खाली उतरले आणि ट्रेमध्ये ओकले.

मशीन चालवणारी टेक्निशियन पन्नाशीची होती, उंच, सरळ, हातात कायम मोजपट्टी. तिने जांभळ्या मार्करने त्यांच्या पोटावर आणि दोन्ही कुशींवर फुल्या काढल्या, वर पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या.

"काका, या खुणांवर मशीन लावतात. गुरुवारच्या शेकापर्यंत राहायला पाहिजेत. पाणी लावायचं नाही, साबण लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," मास्तर म्हणाले. नाक मुरडलेलंच होतं.

बुधवारी दुपारी बायको खाटेवर पाठ टेकून झोपली होती, मुलगी शाळेत. मास्तरांनी कपडे बदलायला बनियन काढलं तर पोटाजवळ जांभळा डाग. पट्टी एका बाजूने सुटली होती, घामाने शाई पसरली होती. पांढऱ्या बनियनवर पसरलेली जांभळी फुली. त्यांनी खाली पाहिलं. पोट फुगलेलं, कातडी पिवळी, ताणलेली, खाली निळ्या शिरा. त्यावर तीन घाणेरड्या फुल्या आणि सुटलेल्या पट्टीच्या कडेला मळाची काळी रेघ. बाजारात गोणीवर अशा खुणा करतात.

त्यांना इतकी शिसारी आली की दुखणं क्षणभर मागे पडलं.

कपाटाच्या वरच्या खणात त्यांच्या जुन्या बाटल्या होत्या. हात वर करायला पाच मिनिटं लागली. त्यांनी बनियनखाली टॉवेल ठेवला, वाकून वास घेतला, स्पिरिटची बाटली निवडली, कापसाने टिपलं. चोळायचं नाही, टिपायचं. डाग टॉवेलमध्ये उतरला. बनियन स्वच्छ झालं. किती तरी महिन्यांनी हाताने काहीतरी नीट केलं होतं. मग त्यांनी ते पुन्हा अंगात घालायला घेतलं आणि थांबले. डाग परत येणार होता. मूळ तर तिथेच होतं.

त्यांनी पट्ट्या सोलल्या. कापूस बदलला. एकेक फुली कडेकडून मध्याकडे टिपत आणली, घाई केली नाही. शेवटी कातडीवर थोडं ग्लिसरीनही लावलं. चौतीस वर्षांचा हात, काम असं झालं की कातडीवर शाई होती हे कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. स्वच्छ बनियन घालून ते खुर्चीत बसले आणि बायको उठली तेव्हा तिला वाटलं, आज जरा बरं दिसतंय.

गुरुवारी सकाळी गोळ्या घेऊन ते तळघरात गेले. फळीवर झोपले. हात वर. कळ आली, दात आवळले. टेक्निशियनने शर्ट उघडला.

तिने दिवा जवळ ओढला. मग दुसऱ्या कुशीवर पाहिलं.

"काका, खुणा कुठेत?"

"काढल्या."

"काढल्या म्हणजे?"

"बनियनला लागत होत्या."

"मी सांगितलं होतं ना, पाणी लावू नका, साबण लावू नका?"

"पाण्याचा थेंब लावला नाही," मास्तर जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "साबणही नाही. स्पिरिटने घेतल्या. ड्राय."

टेक्निशियनने डोळे मिटले. उघडले तेव्हा तिचा चेहरा सडलेलं फळ हाती आल्यासारखा झाला होता. "पंचवीस वर्षांत पुसट केलेल्या बघितल्या. अर्ध्या गेलेल्या बघितल्या. इतक्या साफ कुणी काढल्या नाहीत. आता कशावर लावू मी मशीन? अंदाजाने? किडनीवर?" तिने मोजपट्टी टेबलावर आपटली. "बाहेर कोण आहे यांचं? बोलवा."

मुलगी आत आली. तिला सांगितल्यावर ती आधी बापाच्या पोटाकडे आणि मग तोंडाकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंना फोन झाला. सगळी मापं पुन्हा घ्यायची, आत्ता फळी रिकामी आहे, पुन्हा वीस मिनिटं. मग शेक सोमवारी. आत्ता नाही झालं तर पुढची जागा बारा दिवसांनी.

"नको," मास्तर म्हणाले. ते कपडे बदलायच्या पडद्यामागे गेले होते आणि शर्टाची बटणं लावत होते, खालचं वरच्यात. "घरी चल. पुन्हा त्या फळीवर नाही. त्या माणसाच्या घामात नाही."

"बाबा, बटण चुकलंय."

"चुकू दे."

"बारा दिवस कसे काढणार?"

"काढीन. हात दाखवून अवलक्षण केलंय ना, भोगीन. मला सगळ्याचीच किळस आलीय. ही जागा, ती फळी, ते चिकट औषध, तुझ्या मामाचा तो हिरवा चिखल..."

"आणि मला तुमच्या कण्हण्याची आलीय," मुलगी म्हणाली.

मास्तर थांबले.

तिने आवाज चढवला नाही. पलीकडे खुर्च्यांवर लोक बसले होते. "खरं सांगते. घरात पाऊल टाकलं की तो आवाज येतो. वर्गात मुलं गप्प बसली तरी मला तो ऐकू येतो. आईला तर वास येईनासाच झालाय, तिच्या लक्षात येतं का बघा, ती आता नाक दाबत नाही. मला तुमचं सगळं धुवायला काही वाटत नाही, पण त्या आवाजाची मला शिसारी येते, आणि ती येते म्हणून मला स्वतःची येते. बाबा, तुम्हाला हे एकट्याला येत नाही."

पडद्याच्या कड्या पंख्याच्या वाऱ्याने हलल्या. मास्तरांनी चुकलेलं बटण काढलं. मग दुसरं. शर्ट उतरवून त्यांनी मुलीच्या हातात दिला, घडी न घालता, आणि तसेच उघड्या पोटाने, जरासे वाकून चालत आत गेले.

"मॅडम," ते टेक्निशियनला म्हणाले. "चूक माझी आहे. घ्या पुन्हा. फक्त तो आधार जरा पुसून द्या."

तिने पुसला. दोनदा पुसला, दुसऱ्यांदा त्यांच्या समोर.

वीस मिनिटं त्यांनी डोळे मिटून काढली. काचेपलीकडे मुलगी उभी होती, तिला त्यांचे तळवे दिसत होते. बोटं वळत होती, उघडत होती. तोंडातून आवाज आला नाही. उतरताना पुन्हा ओकले, यावेळी पँटीवरही.

खुणा या वेळी मार्करने काढल्या नाहीत. टेक्निशियनने सुई घेतली, काळ्या शाईचा थेंब ठेवला आणि टोचून मोहरीएवढी टिंबं केली.

"ही कसली शाई?" मास्तरांनी विचारलं.

"ही निघत नाही."

"स्पिरिटने?"

"कशानेही नाही. कातडीच्या आत आहे."

त्यांनी मान वाकवून टिंबांकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी ज्या डागांपुढे हात टेकले होते ते बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यांची नावं ते अजूनही तिरस्काराने घेत. "फालतू काम केलंत," ते म्हणाले. "पण पक्कं केलंत."

"तुमच्यासाठीच केलं, काका."

सोमवारी शेक झाला. बारा मिनिटं. मशीन भोवती फिरलं, घरघरलं, थांबलं. काही जाणवलं नाही, काही दिसलं नाही. "एवढंच?" मास्तर म्हणाले, फसवणूक झाल्यासारखे.

पुढचे दोन दिवस वाईट होते. ओकारीचा टब बायकोच्या मांडीवरून हलला नाही. दुखणं वाढलं, ते चिकट औषध वाढवावं लागलं. मेहुणा येऊन दारातच म्हणाला, "मी म्हटलं होतं." मुलीने दार लावून घेतलं, तो आत यायच्या आधी.

तिसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या. पहिल्या आठवड्यात आणखी काही झालं नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, थांबा. मुलीला त्या शब्दाचाही वीट आला. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मास्तरांना शिंक आली. शिंकून झाल्यावर ते नेहमीसारखे बरगडीवर हात दाबून बसले आणि कळ येण्याची वाट बघत राहिले. ती आली, पण उशिरा आली आणि लवकर गेली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खोटं ठरलं तर लाज वाटली असती.

मग डॉक्टरीणबाईंनी औषध थोडं उतरवलं. चार दिवसांनी आणखी उतरवलं. मास्तर दुपारचे जागे राहू लागले आणि जागे राहिले की तक्रारी सुरू झाल्या: उशीचा अभ्रा, खिडकीच्या काचेवरचे हाताचे ठसे, बायकोच्या केसांचा वास. गाठ होती तिथेच होती, डोळे पिवळेच होते, पाय रोज थोडे बारीक होत होते. डॉक्टरीणबाईंनी महिने सांगितले होते आणि वाढवून काही सांगितले नाहीत.

विसाव्या दिवशी सकाळी बायको दूध गरम करत होती. मागे खाट करकरली, मग सपाता घासत जाण्याचा आवाज. ती हात पुसत धावली. मास्तर भिंतीला धरून बाथरूमपर्यंत पोचले होते.

"थांबा, धरते."

"हो बाजूला."

"पडाल, अहो."

"तुझ्यावर नाही पडणार. हो म्हटलं ना."

ते आत गेले. दार लागलं आणि आतून कडी सरकली.

बायको दाराला कान लावून उभी राहिली. दूध उतू गेलं, त्याचा जळका वास आला, तरी ती हलली नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मुलगी शाळेची पिशवी खांद्यावर घेऊन आली आणि तीही उभी राहिली.

"अहो," बायकोने दारावर बोट वाजवलं. "ठीक आहे ना?"

आतून भरपूर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग आणखी ओतल्याचा.

"ठीक आहे ना विचारतेय मी!"

"जिवंत आहे," आतून मास्तर म्हणाले. "जा इथून दोघी. माणसाला जरा एकटं बसू द्याल की नाही?"